वडील दीर्घ आजारी आहेत. 'नंतरच्या' गोष्टी त्यांच्याशी आधी बोलाव्यात का?

वारणाकाठ
बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आमचे आप्पा सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक. सीओपीडी आहे, म्हणजे फुप्फुसं कायमची कामातून गेलेली. घरात ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर रात्रंदिवस घरघरत असतो, लाइट गेली की सिलिंडर. हिवाळ्यात आयसीयूच्या वाऱ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आता चढउतार होत राहतील, पण दरवेळी थोडे खालीच येऊन थांबतील.

मी पुण्यात, ताई सांगलीत त्यांच्याजवळ. माणूस डोक्याने टकटकीत आहे, रोज शब्दकोडं सोडवतो. त्यामुळेच प्रश्न पडतो. पुढच्या वेळी नळी टाकून व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, हे त्यांनाच विचारावं का? आणि त्यानंतरचं? आप्पा जन्मभर भटजींची टिंगल करत आले, पण आजोबांचं श्राद्ध एकदाही चुकवलं नाही. मग त्यांना दहावा-तेरावा हवा की नको, काय समजायचं? आईसमोर विषय काढला की "तिन्हीसांजेचं अभद्र बोलू नकोस". काका म्हणतात, वेळ आली की बघू. पण वेळ आली की अर्ध्या तासात बांबू-कडबा दारात येतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं, हे आत्याच्या वेळी पाहिलंय.

कोणी असं बोललंय का घरात? कसं बोललात?

मोगरा_७४
बोला. नक्की बोला. आमच्याकडचं सविस्तर लिहिते नंतर, आत्ता बसमध्ये आहे.

तिरसट
माझं मत उलट आहे आणि ते कोणाला आवडणार नाही.

आईला लिव्हर सिऱ्होसिस होता. पोटात पाणी भरायचं, ते काढून आणायचं, पुन्हा भरायचं. रोज सकाळी विचारायची, "मी बरी होणार ना रे?" आणि मी हो म्हणायचो. तिला ठाऊक होतं की मी खोटं बोलतोय, आणि तिला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. पण तेवढ्या एका 'हो'वर ती दात घासायची, केस विंचरून घ्यायची. तिथे मी 'आई, तुझी राख कुठे सोडू' असं विचारलं असतं तर? सगळ्या गोष्टी मिटिंगसारख्या अजेंड्यावर आणायची हल्ली फॅशन झाली आहे. ज्याला बोलायचं असेल तो स्वतःहून बोलतो.

बोरकूट
@तिरसट, पटलं नाही पण डोळ्यात पाणी आलं.

गवती_चहा
मी फिजिशियन आहे, निमशहरी भागात. तिरसट यांच्या आईसारखे पेशंट असतात, नाही असं नाही. पण त्यांच्यापेक्षा जास्त मला दिसतात ते घरच्यांना सांभाळून घेत गप्प बसलेले पेशंट. नातेवाईक बाहेर गेले की हळूच विचारतात, "डॉक्टर, किती दिवस?"

सीओपीडीबद्दल. शेवटच्या टप्प्यात नळी टाकली की पुढे ती काढता येईल का, हाच मोठा प्रश्न असतो. बायपॅप हा मास्कचा प्रकार मधला मार्ग आहे, तो अनेकांना चालतो. त्यामुळे "व्हेंटिलेटर लावू का" असं न विचारता "दम फारच लागला तर परत दवाखान्यात नेऊ, की घरीच त्रास कमी करण्याचं बघू?" असं विचारा. घरी म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिन दम लागल्याची ती घाबरवणारी भावना कमी करतं. २०१४ मध्ये कायदा बदलल्यावर ते मिळणं थोडं सोपं झालं, तरी सगळीकडे मिळत नाही. पॅलिएटिव्हचं, म्हणजे त्रास कमी करण्याचं, काम करणारे डॉक्टर आधीपासून शोधून ठेवा.

शुद्धीवर असलेला माणूस उपचार नाकारू शकतो. बोलता येणार नाही त्या वेळेसाठी वैद्यकीय इच्छापत्र असतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला त्याला मान्यता दिली, पण तेव्हाच्या अटी इतक्या किचकट होत्या की कोणी फिरकेना. जानेवारी २०२३ मध्ये त्या सोप्या झाल्या: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. तुमचे आप्पा शब्दकोडी सोडवतात म्हणता, तर मसुदा स्वतःच दुरुस्त करतील.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला नेहमीचे डॉक्टरच देऊ शकतात. ज्याने पेशंटला वर्षभरात पाहिलेलं नाही तो सही करणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. मग पोलीस, पंचनामा, कधी पोस्टमॉर्टेम. तेव्हा फॅमिली डॉक्टरांना घरी येत-जात ठेवा.

आणि हो, ऑक्सिजन चालू असताना उशाशी दिवा-उदबत्ती अजिबात नाही. माणूस गेल्यावरही आधी मशीन बंद, खिडक्या उघड्या, मग दिवा. लोक हे गडबडीत विसरतात.

पंचगंगा
पेसमेकर असेल तर तोही आधी काढून घ्यावा लागतो. दाहिनीत बॅटरीचा स्फोट होतो. बाबांच्या वेळी स्मशानातल्या कर्मचाऱ्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

आमच्या कोल्हापुरात एक बरं आहे, दहन महापालिकेकडून मोफत होतं आणि ते शेणींवर. होळीला लोक शेणी जमवून स्मशानाला दान देतात. बाबा स्वतः दरवर्षी गल्लीतून गोळा करायचे. किडनीचा आजार होता, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, आणि मधल्या दिवशी हे होळीच्या शेणी मोजत बसलेले. "माझ्या वाटणीच्या आधीच पोचत्या केल्यात" म्हणायचे. त्यामुळे बोलायचं कसं हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही, तेच सारखं बोलायचे. आम्हीच "पुरे हो" म्हणायचो.

उंटावरचा_शहाणा
आमच्या आजोबांनी स्वतःची निधनवार्ता लिहून ठेवली होती. 'अल्पशा आजाराने' खोडून 'दीर्घ व कंटाळवाण्या आजाराने' केलं होतं. पेपरवाला छापायला तयार होईना. खाली नातेवाइकांची यादी, त्यात थोरल्या जावयाचं नाव नाही. तो वाद अजून चालू आहे.

बोरकूट
हाहाहा. जावई या धाग्यावर नसोत म्हणजे झालं.

पाटलीणबाई
सगळे आप्पांचं विचारताहेत. मी तुमच्या आईचं विचारते. आप्पांच्या नंतर दारात काय होणार हे ठरवलंय का?

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स होता. शेवटी गिळता येईना, नाकातून नळी. आईने वर्षानुवर्षं केलं त्यांचं. आणि ते गेले त्या दिवशी भावकीतल्या बायका तिला अंगणात बसवून बांगड्या फोडायला लागल्या. कुंकू पुसायला पुढे आलेली माझी सख्खी मावशी, तीही विधवाच. माझ्या आईने हात मागे ओढून घेतला, पण रडण्यात तिला बोलता येईना. मी मध्ये पडले तर म्हणाल्या, "शहरात शिकलेल्या पोरी."

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या, आणि मग शासनाने बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. सांगलीहून हाकेच्या अंतरावर आहे हे गाव. परिपत्रकाने मावशीचा हात थांबत नाही हेही खरं. पण स्वतः नवऱ्याने चार लोकांत आधी सांगून ठेवलं असेल तर थांबतो. आप्पांकडून दुसरं काही वदवून घेतलं नाही तरी चालेल, एवढं घ्या.

वारणाकाठ
@पाटलीणबाई, हे डोक्यातच नव्हतं आलं. धन्यवाद.
@गवती_चहा, आई रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीत उदबत्ती लावते. बरं झालं सांगितलंत.

गवती_चहा
उदबत्ती तर आजच बंद करा. आगीचा धोका आहेच, शिवाय त्या फुप्फुसांना धूर विषासारखा.

लेस्टरकर
इथे इंग्लंडमधला अनुभव, म्हणजे तिकडच्या घाईची किंमत कळेल. वडील इथेच वारले, हृदयाचा जुना आजार. इथे नोंद पाच दिवसांत करायची, पण सप्टेंबर २०२४ पासून मृत्यूची कागदपत्रं मेडिकल एक्झामिनर, म्हणजे वेगळा डॉक्टर, तपासतो, ते झाल्याशिवाय पुढचं हलत नाही. मग दाहिनीची वेळ मिळायची. आठवडा-दोन आठवडे सहज जातात. तोवर पार्थिव फ्युनरलवाल्याकडे. आई म्हणायची, सुतक कधीपासून धरू?

पण तेवढ्या दिवसांत आम्हाला विचार करता आला. कोण बोलणार, कुठला अभंग, सगळं. वेळ मिळतो साधारण अर्धा-पाऊण तास, पुढची मंडळी बाहेर उभी असतात. अस्थी इथल्याच सोर नदीत सोडल्या, बरेच भारतीय तिथेच सोडतात. काकांनी फोनवर विचारलं, "तिथल्या नदीला पुण्य असतं का?" मी म्हटलं, "पाणी तर स्वच्छ असतं."

उंटावरचा_शहाणा
पंचवटीत हे वाक्य बोलू नका, मार खाल.

तिरसट
लेस्टरकर म्हणतात त्यात तथ्य आहे. आपल्याकडे घाई इतकी की मुलगा विमानात आणि इकडे 'किती वेळ ठेवायचं' सुरू. माझी बहीण दुबईहून निघाली होती. शीतपेटी भाड्याने मिळते, फोन केला की तासाभरात येते, पण शेजारच्या काकांना ती 'अशुभ' वाटली. मी ऐकलं नाही. बहीण आली, तिने आईचे केस विंचरले, मग नेलं.

म्हणजे काही गोष्टी आधी ठरवून ठेवाव्यात, एवढं कबूल. पण ठरवायच्या आपण. आजारी माणसाच्या डोक्यावर टाकायच्या नाहीत.

सिद्धेश्वर_पेठ
आम्ही लिंगायत, सोलापूरकडचे. आमच्यात दहन नाही, समाधी देतात. बसलेल्या अवस्थेत, विभूती लावून, बेलाची पानं घालून. त्यामुळे 'दहन की विद्युतदाहिनी' हा वाद नाही. अडचण वेगळीच. बाबांचं अंग शेवटी आखडून गेलं होतं, संधिवात आणि मग पक्षाघात. बसवायचं कसं, या काळजीने आई झुरत होती. स्वामींनी एका वाक्यात मिटवलं, "जसं बसतील तसे बसवा, देवाला चालतं." हे आम्ही त्यांना आधीच विचारलं असतं तर आईचे दोन महिने सुखाचे गेले असते.

गोधडी
नेत्रदानाचं कोणी लिहिलं नाही अजून. सहा तासांच्या आत व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. पेढीला फोन करायचा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद, डोक्याखाली उशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा, मधुमेह, काही आड येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि चेहरा तसाच राहतो. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे, तिथे भाजलेल्या पेशंटसाठी त्वचाही घेतात.

देहदानाचं मात्र आधी विचारून ठेवा. फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही. कावीळ-बी, क्षय, अंगात पसरलेला जंतुसंसर्ग किंवा पोस्टमॉर्टेम झालेलं असेल तर मेडिकल कॉलेज घेत नाही. सासऱ्यांचा फॉर्म दहा वर्षं देवघरात होता, शेवटी न्यूमोनिया अंगभर पसरला आणि कॉलेजने नम्रपणे नकार दिला. दुसरा काहीच विचार केलेला नव्हता, मग रात्री अकराला स्मशानाच्या पासासाठी पळापळ.

मोगरा_७४
आले. आमचं सांगते.

आईला किडनीचा आजार होता, शेवटी तिनेच डायलिसिस थांबवलं. "आता सुया बास" म्हणाली. भावाने आकांडतांडव केलं, मग तिच्या पायाशी बसून राहिला. थांबवल्यावर जे दिवस मिळाले त्यात ती भरपूर बोलली, पण आम्ही विचारलेलं काहीच नाही बोलली. विधी कोण करणार विचारलं तर म्हणाली, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर आहे, बुरशी बघा. साडी कुठली विचारलं तर म्हणाली, रेशनकार्डवरून माझं नाव लगेच काढू नका, साखर बंद होईल. शेवटी एकदा माझ्या मुलीला म्हणाली, "तुझ्या आईला मडकं धरू दे. मामाचा खांदा दुखतो."

तेवढंच. मी मडकं धरलं. भावाने एक शब्द काढला नाही, उलट भाऊबंदांना तोच म्हणाला, "आईने सांगितलंय." विधी ज्ञानप्रबोधिनीच्या पुरोहित बाईंनी केले, प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगत. माझी सासू, जी यायलाच तयार नव्हती, ती नंतर म्हणाली, "माझ्या वेळी याच बाईंना बोलवा."

@तिरसट, तुमची आई आणि माझी आई, दोघींनी आपापल्या परीनेच सांगितलं असं मला वाटतं. केस विंचरून घेणं हेही सांगणंच.

तिरसट
हं.

बोरकूट
अवांतर: दुखवट्याच्या टॉवेल-टोप्यांचं काय करता तुम्ही लोक? आमच्याकडे बाबांच्या वेळचे टॉवेल इतके आलेत की माझ्या लग्नापर्यंत पुरतील.

पंचगंगा
ते दुसऱ्याच्या दुखवट्यात फिरतात. आमच्या गल्लीत एक निळा पट्ट्याचा टॉवेल माझ्या ओळखीचा झालाय.

पाटलीणबाई
आम्ही आमच्या गावच्या भजनी मंडळाला दिले सगळे. आणि आलेल्यांना सांगितलं, आहेर नको, पिठलं-भात आणा. कडू घास पहिल्या दिवशी येतो, चौथ्या दिवसापासून कोणी विचारत नाही, आणि तेव्हाच घरात चूल पेटवायचा कंटाळा येतो.

सिद्धेश्वर_पेठ
कावळ्याचा किस्सा कोणाकडे नाही? धागा अपुरा वाटतोय. (आमच्यात नसतं म्हणून कुतूहल.)

उंटावरचा_शहाणा
आहे ना. आजोबांच्या दहाव्याला कावळा काही केल्या शिवेना. सगळ्यांनी नमस्कार करून आश्वासनं दिली: घर विकणार नाही, आजीला सांभाळू, वगैरे. तास झाला. मग थोरला जावई पुढे गेला, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला, आणि भर्रकन् दोन कावळे आले. तो काय म्हणाला ते आजतागायत सांगत नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीत होते, त्यांचाच बेत फसला.

वारणाकाठ
धागा वर आणतोय. रविवारी सांगलीला गेलो होतो.

मी काय काय ठरवून गेलो होतो, त्यातलं एकही विचारावं लागलं नाही. ताईने उदबत्ती बंद केल्याचं कारण आप्पांनी विचारलं, तिने ऑक्सिजनचं सांगितलं. तर म्हणाले, "मग मेल्यावर लावा. आधी मशीन बंद करा मात्र." तिथून सुरू झालं. नळी नको, मास्क चालेल. डॉक्टरांना घरी बोलवायचं, त्यांची जुनी विद्यार्थिनी आहे, ती येईल म्हणे. इच्छापत्राच्या मसुद्यात त्यांनी खरंच दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.

श्राद्धाचं शेवटी विचारलंच. दम लागत होता म्हणून तोडून तोडून बोलले. आजोबांचं श्राद्ध ते आजोबांसाठी करतच नव्हते, आजीसाठी करत होते. तिला त्या दिवशी आजोबांना आवडणारी खीर करायची असायची. आजी गेल्यावरही सवय राहिली. "तेव्हा माझं जे करायचं ते तुझ्या आईला विचार. ती म्हणेल तेवढं करा, ती म्हणेल तिथे थांबा. पण तिच्या बांगड्यांना हात लावायला कोणी आलं तर तू मध्ये उभा राहा." हे काकांसमोर म्हणाले. काका खाली बघत होते.

आई मधेच उठून स्वयंपाकघरात गेली. माझ्याशी अजून धड बोलत नाहीये. ताईशी बोलते.

गवती_चहा
छान झालं. आईंना वेळ द्या, फोन करत राहा. इच्छापत्राची एक प्रत त्या विद्यार्थिनी डॉक्टरांकडे आणि एक ताईच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री दोन वाजता कपाट उघडायला कोणी जात नाही.

तिरसट
नशीबवान आहात. खरंच म्हणतोय.

कागदांचं माझ्याकडून घ्या, त्यात मी तरबेज झालोय. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी, उशीर झाला की परवानग्या लागतात. नाव आणि पत्ता आधारवर आहे अक्षरशः तसाच लिहून घ्या, आमच्याकडे एका काना-मात्रेपायी बँकेने सहा महिने झुलवलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क वेगळा राहतो. आणि माणूस गेल्यावर त्याच्या एटीएमने पैसे काढू नका, 'खर्चाला लागतात' म्हणून सगळे काढतात, पण ते नियमात बसत नाही. आप्पांचं पेन्शन असेल तर आईंचं नाव, जन्मतारीख पेन्शनच्या कागदावर बरोबर आहे का आत्ताच बघा. जोडखातं नसेल तर करून टाका.

वारणाकाठ
जोडखातं आहे. पेन्शनच्या कागदावर आईचं माहेरचं नाव निघालं! उद्या ताई ट्रेझरीत जाणार.

गोधडी
मुहूर्ताआधी सापडलं, बरं झालं. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती किती घ्याव्यात, कोणी सांगेल का? सासऱ्यांच्या वेळी कमी पडल्या होत्या.

पंचगंगा
दहा म्हणतात सगळे.

पाटलीणबाई
आम्ही वीस घेतल्या. बहुतेक ठिकाणी मूळ बघून झेरॉक्सच ठेवून घेतात. उरलेल्या अजून कपाटात आहेत.

मोगरा_७४
गॅसवाल्याने मूळ प्रत मागितली आमच्याकडे. विमा कंपनीने झेरॉक्सवर भागवलं. कोण काय मागेल सांगता येत नाही, दहा घ्याच.